दोन इंच दाब

"आगीला वय नसतं, बाईसाहेब. ज्या हातांनी अख्खा डोंगर पेटवला, त्या हातांना चौदा वर्षांचे हात म्हणणं हा इतिहासाचा अपमान ठरेल."

सरकारी वकिलांनी उजवा हात छताकडे नेला, इतिहास छातीत भरून घेतला, आणि त्यांच्या पँटचा हुक तटकन तुटून टंकलेखिकेच्या टेबलावर जाऊन पडला. हा हुक कामकाजात नोंदवावा की परत करावा, या विचारात तिच्या दोन ओळी सुटल्या. उरलेलं भाषण वकिलांनी डावा हात पोटावर दाबून केलं. बघणाऱ्याला वाटावं, न्यायापायी या माणसाच्या पोटात केवढं तुटतंय.

मागच्या बाकावरच्या शिंप्याला खरं कारण बसल्या जागी कळलं होतं. कंबर अडतीस, पँट छत्तीस. हुक बापडा काय करणार? एरवी तो मिशीत हसला असता. पण समोरच्या कठड्यात त्याची लेक उभी होती. घरात तिला बारकी म्हणत. तिचा खटला मुलांच्या कोर्टात चालवायचा की मोठ्यांच्या, एवढंच आज ठरायचं होतं. मुलांच्या कोर्टात फार तर तीन वर्षं सुधारगृह. मोठ्यांच्या कोर्टात वीस वर्षं तुरुंग. वीस वर्षांनी बारकी चौतीसची झाली असती आणि शिंपी बहुधा नसता.

गुन्हा कबूल होता. बारकीला गणितात अकरा गुण पडले होते आणि प्रगतिपुस्तकावर बापाची सही आणायची होती. ती शाळा सुटल्यावर डोंगरामागे गेली आणि तिने त्या पानाला काडी लावली. गवत वाळलेलं, वारा सुटलेला. संध्याकाळपर्यंत ते अकरा गुण अडीच हजार एकरांवर पसरले. माणूस मेला नाही, पण एका मेंढपाळाचं खोपटं गेलं, आणि पाखरांची मोजदाद कोण करतो?

वाळलेलं गवत कापायची फाइल वनखात्यात तीन वर्षं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सुखाने नांदत होती. बंब वेळेवर आला. फक्त त्यात पाणी नव्हतं. पाणीही आणा असं कोणी सांगितलं नव्हतं, असं बंबवाल्यांनी लेखी दिलं. ही सगळी वयाने मोठी माणसं होती. त्यांना मोठ्यांसारखं वागवा, असं मात्र कोणी म्हणालं नाही.

"निर्जन जागा, खिशात काडेपेटी, साक्षीदार एक नाही," वकील म्हणाले. "पुरावा नष्ट करण्याची ही पद्धतशीर योजना आहे. हे सराईत डोकं आहे."

"सराईत डोक्याने अर्धं पान फाडून दप्तरात का ठेवलं मग?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

वकिलांनी कागद चाळले. उत्तर कठड्यातून आलं.

"त्याच्यावर चित्रकलेचे होते. पंच्याहत्तर."

वकिलांनी झटकन विषय बदलला. "आणि हिची उंची बघा, बाईसाहेब. पाच फूट चार इंच. आमच्या तज्ज्ञांचा चाळीस पानी अहवाल सांगतो, वाढ पूर्ण झालेली आहे."

"तज्ज्ञांनी हिला कधी पाहिलं?"

"फोटो पाठवला होता," वकील म्हणाले. "पूर्णाकृती."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग मागे पाहिलं. "मास्तर, तुम्ही बाप ना? तुम्हाला काही सांगायचंय?"

शिंप्याच्या वकिलाने त्याला सकाळीच बजावलं होतं, काही सुचलं नाही तर रडा. पण उभा राहिल्यावर रडू काही आलं नाही.

"डोंगर हिनेच जाळला, बाई. शिक्षा व्हायलाच हवी. खोपटंही भरून द्यायला हवं, ते मी देतोय. पण मोठी की लहान म्हणाल, तर मला कपड्यातलं कळतं तेवढंच सांगतो." तो कठड्याशी गेला, खाली वाकला आणि लेकीच्या फ्रॉकचा काठ त्याने उलटा करून दाखवला. "पोरांचं कापड शिवताना आत दुमडून थोडं शिल्लक ठेवतो. दाब म्हणतो आम्ही त्याला. पोर वाढलं की उसवून सोडायचा. ही फिकी रेघ दिसते? ती मागच्या उन्हाळ्यातली घडी. ही दुसरी थंडीतली. वर्षात दोनदा सोडलाय. अजून दोन इंच आत आहे."

"आणि मोठ्यांच्या कपड्यात?"

"लांबीला दाब नाही ठेवत. मोठा माणूस व्हायचा तेवढा झालेला असतो. वाढलाच तर कमरेत वाढतो."

बाईंनी सरकारी वकिलांकडे अजिबात पाहिलं नाही. टंकलेखिकेने पाहिलं.

"काठाची शिवण म्हणजे पुरावा नव्हे," वकील म्हणाले.

"निदान मोजलेली आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी चार ओळींचा हुकूम सांगितला. खटला मुलांच्या कोर्टात चालेल.

शिंपी बाहेरच्या व्हरांड्यात आला. तो भिंतीला टेकला. बारकीला शिपाईबाई जिन्याकडे नेत होती. जाता जाता ती फ्रॉकचा काठ सारखा करत होती. गणिताची सही राहिलीच, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात दालनाचं दार किलकिलं झालं. सरकारी वकील बाहेर आले, डावा हात अजून पोटावरच. त्यांनी व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं आणि शिंप्याच्या अगदी कानाशी येऊन आवाज उतरवला.

"मास्तर, ह्या पँटला मागून काही दाब निघतोय का, बघता जरा? दोन इंच मिळाले तरी पुरे."