मामांचं भाषांतर

"नाही. उद्याच्या खटल्याला तुम्हीच उभे राहाल," न्यायाधीशसाहेबांनी कागदावरची नजर न काढता सांगितलं.

मामा टेबलासमोर हात बांधून उभे होते. "पण साहेब, आरोपी माझी सख्खी भाची आहे."

"ठाऊक आहे मला. दुसरा दुभाषी आजारी आहे आणि खटला लांबवू नका असं वरून सांगणं आहे. तुम्ही शपथ घेतलेली आहे. शपथेला नातेवाईक नसतात."

मामा बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले.

अर्धं आयुष्य ते या कोर्टात दुभाषी होते. गोरे साहेब इंग्रजीत विचारायचे, मामा ते आरोपीला आपल्या भाषेत सांगायचे आणि त्याचं उत्तर इंग्रजीत साहेबांपुढे ठेवायचे. चोर, खुनी, जमिनीवरून भांडणारे भाऊ, सगळ्यांचं बोलणं त्यांच्या तोंडून गेलं होतं. दारावरचा शिपाई थट्टेनं म्हणायचा, "दुभाषीबुवा, दिवसभर लोकांचं बोलता, घरी गेल्यावर स्वतःचं काही शिल्लक राहतं का हो?" मामा हसून सोडून द्यायचे. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. थोरल्या बहिणीचा नवरा अकाली गेला तेव्हापासून ती आणि तिची मुलगी हाच त्यांचा संसार. ताई शाळांचे गणवेश शिवायची आणि पोरगी मशीनशेजारी बसून बडबड करायची. सकाळी डोळे उघडल्यापासून तोंडाची टकळी सुरू, म्हणून नावच टकळी पडलं.

टकळीला इंग्रजी शिकवलं ते मामांनी. कोर्टातून आल्यावर चहाचा कप बाजूला ठेवून तिचे उच्चार घोटून घ्यायचे. पुढे ती मुलींच्या शाळेत तोच विषय शिकवू लागली आणि मग, कुणाला पत्ता लागायच्या आत, स्वराज्याच्या सभांना जाऊ लागली.

"देशाचं काय तुझ्यावाचून अडलंय?" मामांनी एकदा विचारलं होतं.

"प्रत्येकीचा मामा असंच म्हणतो, म्हणून तर अडलंय," ती ताडकन म्हणाली होती.

मग एका सकाळी पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि शहरातून मोर्चा निघाला. ठाण्यासमोर गर्दी थांबली तेव्हा टकळी पायरीवर चढून बोलली. लाठ्या पडल्या, पळापळ झाली, कुठून तरी एक दगड आला आणि हवालदाराचा डोळा गेला. त्यानंतर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. छापखान्यात खिळे जुळवणारा एक तरुण जागच्या जागी गेला. त्याच्या मरणाची चौकशीसुद्धा झाली नाही. खटला भरला तो टकळीवर, जमावाला चिथावल्याचा.

तिनं वकील नाकारला. साहेबाच्या भाषेत एक शब्द बोलणार नाही, हेही आधीच सांगून टाकलं. शेजारचे वकीलसाहेब, तिला लहानपणापासून पाहिलेले, संध्याकाळी ताईकडे आले.

"हा न्यायाधीश कडक आहे, पण दुष्ट नाही," ते मामांना म्हणाले. "पोरीनं झाल्या गोष्टीबद्दल खेद वाटतो एवढं म्हटलं, तर थोडक्यात सोडेल. आणि ती काय म्हणते हे त्याला कळणार तुमच्याकडून."

वकीलसाहेब गेल्यावर ताईनं मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

"तिला मी ओळखते. ती उभी राहणार आणि नको नको ते बोलणार. तुझ्या तोंडून ते जाऊ देऊ नकोस रे. मला बाकी काही नको."

"ताई, तिला इंग्रजी समजतं."

"समजू दे की. आपल्या मामाला सगळ्यांसमोर खोटं पाडेल का ती?"

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरायच्या आधी पोलीस टकळीला मागच्या जिन्यानं वर आणत होते. मामा जिन्याच्या तोंडाशी थांबले होते. बरोबरच्या शिपायानं ओळख दाखवली नाही, पण पावलं जरा हळू केली. तिचे केस विस्कटलेले होते, खालचा ओठ सुजलेला होता.

"आईनं खाल्लं का काही?" तिनं विचारलं.

"खाईल. तू जरा बेतानं बोल गं."

"मी बेतानंच बोलणार आहे मामा. तू फक्त गाळू नकोस काही."

खोली गच्च भरली होती. ताई शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून बसली होती. सरकारी साक्षीदार झाले. हवालदार डोळ्यावर पट्टी बांधून आला, त्यानं सांगितलं की दगड कुणी मारला ते दिसलं नाही, पण बाई हात वर करून ओरडत होत्या. मग साहेबांनी आरोपीला काय म्हणायचंय ते विचारलं आणि मामांनी ते तिला विचारलं. मामांनी तिला 'आपण' म्हटलं. कोर्टात सगळ्यांनाच म्हणायचे.

टकळी सावकाश बोलू लागली. वर्गातल्या मुलींना लिहून घ्यायला वेळ मिळावा तशी वाक्यावाक्याला थांबत होती.

"मी कुणाला दगड मारायला सांगितलं नाही. हवालदाराचा डोळा गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं."

मामांनी जसंच्या तसं सांगितलं.

"पण ठाण्यासमोर उभी राहिले याचं वाईट वाटत नाही. आज सोडलंत तर उद्या पुन्हा तिथेच उभी राहीन. आमच्यावर राज्य करायचा तुम्हाला हक्क नाही, म्हणून मला शिक्षा करायचाही नाही."

साहेबांनी मामांकडे पाहिलं. मामांनी खाकरून आवाज साफ केला आणि इंग्रजीत म्हणाले, "आरोपीला झाल्या प्रकाराचा खेद आहे. ती स्वतःला कोर्टाच्या दयेवर सोपवते."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. त्यांच्या कपाळावरची आठी गेली. ताईला शब्द कळत नव्हते, पण चेहरा कळत होता. तिनं शेजारच्या बाईचा हात घट्ट धरला आणि तिच्या तोंडावर हसू उमटलं. मामांना ते तिथून दिसलं.

"असं असेल," साहेब म्हणाले, "तर तिनं चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून द्यावी. मी त्याचा विचार करीन."

मामा भाचीकडे वळले, पण सांगायची गरज उरली नव्हती. ती त्यांच्याकडेच बघत होती. त्या नजरेत राग असता तर त्यांना सोसलं असतं. ती नुसती बघत होती. मग तिनं तोंड फिरवलं आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "माफ करा. दुभाष्यांची काहीतरी चूक झालेली दिसते. मी असं म्हटलेलं नाही." आणि आपलं वाक्यन् वाक्य तिनं साहेबांच्या भाषेत पुन्हा सांगितलं, मामांनी घोटून घेतलेल्या उच्चारांत.

पंख्याची दोरी ओढणाराही थांबला.

"दुभाषी," साहेब म्हणाले, "हे खरं आहे? मघाशी ती हेच म्हणाली?"

अजूनही एक वाट होती. ती आता शब्द फिरवतेय असं सांगता आलं असतं. त्यानं ती सुटली नसती, वर खोटारडी मात्र ठरली असती. मामांनी दोन्ही हातांनी कठडा धरला.

"हो साहेब. चूक माझी."

साहेबांनी लेखणी उचलली. बराच वेळ ते लिहीत राहिले. मग मान वर न करता निकाल वाचला आणि मामांना खूण केली. आरोपीला निकाल तिच्या भाषेत सांगणं हा नियम होता, तिला इंग्रजी येत असो वा नसो.

"सात वर्षं," मामा म्हणाले. "सक्तमजुरी."

टकळीनं मान हलवली. पाठीमागून ताईचा आवाज आला. "काय म्हणाला? अरे, मला ऐकू नाही आलं. किती म्हणाला?"

मामांना मागे वळून पुन्हा सांगावं लागलं.

त्या दिवसानंतर ताईनं भावाला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. ती मशीनवर बसायची, दोरा ओवायची आणि तो सुईत गेला तरी ओवतच राहायची. मामांनी राजीनामा लिहिला. साहेबांनी तो परत केला. "एवढी एक चूक मी विसरलो आहे," ते म्हणाले आणि पुढचा खटला पुकारायला सांगितलं. सायकल चोरीचा होता. मामा उभे राहिले.

टकळीला दूरच्या तुरुंगात हलवलं. बऱ्याच अर्जांनंतर एका भेटीची परवानगी आली. ताईनं तिच्यासाठी दोन जाड झंपर शिवले, आणि दोघं भाऊ-बहीण दिवसभराचा बसचा प्रवास करून तिथे पोचली.

जेलर नवा होता, त्याला इथली भाषा येत नव्हती. राजकीय कैद्यांशी काय बोलणं होतं ते त्याला कळलंच पाहिजे, नाहीतर भेट बंद. मामांचा पेशा समजल्यावर तो खूश झाला. म्हणाला, "उत्तम. तुम्हीच मला सांगत जा. मी मान हलवली की मग पुढचं बोलायचं."

जाळीपलीकडे टकळी आली. मामांनी आधी तिला ओळखलंच नाही. गाल आत गेले होते आणि खोकला आला की ती जाळीला धरून उभी राहायची.

"अगं, काय झालं तुला?" ताई म्हणाली.

मामांनी ते जेलरला सांगितलं. त्यानं मान हलवली.

"काही नाही आई. बरी आहे मी."

"ती म्हणते, ती बरी आहे," मामांनी इंग्रजीत सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही की वाढवलं नाही. जेलरनं मान हलवली.

"डॉक्टर बघतो का? औषध देतात?"

तेही सांगून झालं. जेलरनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला की तुरुंगातल्या सोयीबद्दल बोलायला परवानगी नाही. मामांनी ते ताईला सांगितलं. ताई त्यांच्याकडे आणि मग जेलरकडे बघत राहिली, जणू दोघेही एकाच बाजूला उभे होते.

"मामा," टकळी म्हणाली, "कोर्टात मी तुला..." तिला खोकल्यानं बोलू दिलं नाही. जेलर मामांच्या बोलण्याची वाट बघत उभा होता.

"काय म्हणाली?"

"अजून काही म्हणाली नाही साहेब," मामा म्हणाले. तेवढ्यात घंटा झाली आणि तिला आत नेलं.

झंपर जेलरनं घेतले नाहीत. नियमात बसत नव्हते.

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेऊन. बराच रस्ता मागे पडल्यावर तिनं विचारलं, "खरं सांग. पोरगी तशी बरी दिसली ना रे?"

इथे जेलर नव्हता, शपथही नव्हती.

"दिसली की," मामा म्हणाले. "थोडी वाळलीय, एवढंच."

ताईनं मान हलवली. तिनंही सगळं पाहिलंच होतं.