न तापणारा एअर फ्रायर

"वहिनी, अगदी खरं सांग, एअर फ्रायर घ्यावा का गं? की नुसता ओट्यावर धूळ खात पडेल?"

नणंदेचा फोन आला तेव्हा मुंगीची आई ओट्यापुढे उभी होती. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात एअर फ्रायरचा ओढून काढलेला खण. खणातल्या जाळीवर बटाट्याच्या फोडी जशा ठेवल्या तशाच पडल्या होत्या, ओल्या आणि पांढऱ्याफटक. टायमर टिकटिकला होता, पंखा घुमला होता, शेवटी टिंग वाजली होती. मशीन मात्र तापलंच नव्हतं.

"मी नंतर बोलते," ती म्हणाली.

"अगं, सेल आज संपतोय!"

तिनं फोन ठेवला. खाली फरशीवर मुंगी मांडी घालून बसली होती आणि खणाकडे मान वर करून बघत होती. टिंग वाजली की खण उघडतो आणि उघडला की खायला मिळतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. आईनं खण परत आत सरकवला आणि टायमर पुन्हा फिरवला. पंखा घुमला, टिंग वाजली. फोडी पांढऱ्याच.

मुंगी पाच वर्षांची होती. घरातली एकेक वस्तू उचलून ती दुसऱ्या खोलीत रांगेत नेऊन ठेवायची, म्हणून बाबानं तिला हे नाव दिलं आणि तेच चिकटलं. ती बोलत नसे. खाणंही तिनं हळूहळू सोडलं होतं. आधी भात, मग केळं, मग बिस्किटं. प्रत्येक वेळी घरातले म्हणत, जाऊ दे, दुसरं खाते ना. मग दुसरंही जाई. शेवटी नुसतं दूध उरलं, तेही घोट-दोन घोट.

त्या दिवसांत चष्म्याच्या कारखान्यात काचा घासणाऱ्या मुंगीच्या बाबाला कंपनीकडून हा एअर फ्रायर बक्षीस मिळाला. नणंदेनं तेव्हा नाक मुरडलं होतं. "तेलाशिवाय तळणं म्हणजे पाण्याशिवाय आंघोळ!" खोकं माळ्यावर पडून राहिलं. एका रविवारी बाबानं हौसेनं ते उतरवलं आणि बटाटे कापून टाकले. मुंगी कुठूनशी आली, मशीनसमोर बसली, त्याच्या अंगाला तळहात लावून बसून राहिली. टिंग वाजल्यावर तिनं हात पुढे केला. बाबानं गंमत म्हणून त्यावर एक फोड ठेवली. ती तिनं खाल्ली. मग आणखी एक. आई दाराशी उभी राहून बघत होती आणि श्वास घ्यायलाही घाबरत होती.

तेव्हापासून मुंगी ह्या एका मशीनमधल्या बटाट्याच्या फोडींवर जगत होती. डॉक्टरीणबाईंनी दिलेली पावडर आणि थोडं लोणी चोळून आई त्यांच्यात जमेल तेवढं पोषण घुसवायची. तरी वजन काठावरच होतं. "ह्याच्या खाली गेलं तर दाखल करावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "नाकातून नळी घालून भरवू. घाबरू नका, तात्पुरतं असतं." आईनं मान हलवली होती. टोपीची नाडी कानाला लागली तरी जी पोर आकांत मांडते, तिच्या नाकात नळी राहायची तर तिचे हात बांधावे लागतील, हे तिला तिथेच दिसलं होतं. पुढची तारीख सोमवारची होती.

दुरुस्तीवाल्यानं मशीन उलटं केलं, दोन स्क्रू काढले आणि मान हलवली.

"ताई, कॉइल गेली. आणि हे मॉडेल आता निघत नाही. बाकी मशीन ठणठणीत आहे, बरं का. पंखा फिरतो, दिवा लागतो, घंटी वाजते. अगदी आमच्या दुकानासारखं. सगळं चालू, फक्त गल्ला थंड."

तिला हसू आलं नाही. "दुसऱ्या कुठल्या मशीनची कॉइल बसवता येईल?"

"बघतो. शनिवारी या."

त्याच संध्याकाळी नवा एअर फ्रायर घरी आला. काळा, चकचकीत, काचेची खिडकी असलेला. त्याला फिरवायचं बटण नव्हतं, काचेवर बोट टेकवायचं होतं. शिजून झालं की तो बारीक आवाजात तीनदा चिरकायचा.

मुंगीची आई पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. नमुना तोच आणि रीत तीच, तर निकालही तोच आला पाहिजे, यावर तिचा पोटापाण्याइतका विश्वास होता. तिनं त्याच जातीचे बटाटे आणले, तेवढ्याच जाडीच्या फोडी केल्या, तेवढंच लोणी चोळलं. रंग जुळेपर्यंत कमी-जास्त तापमानावर भाजून पाहिलं. रात्रीच्या जेवणाला तिनं बाबापुढे ताटली ठेवली.

"डोळे मिटून दिल्या तर मला फरक कळायचा नाही," बाबा म्हणाला.

"तुला कळून काय करायचंय?"

मुंगीनं ताटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. जुन्या मशीनच्या रिकाम्या जागेपुढे ती बसून राहिली. आईनं फोडी जुन्या ताटलीत दिल्या, हातावर ठेवल्या, स्वतः खाऊन दाखवल्या. तेलात तळून पाहिल्या तर तेलाचा चरचराट ऐकून मुंगी कान दाबून टेबलाखाली शिरली. दुसऱ्या दिवशी ती दुधाच्या चार घोटांवर होती. तिसऱ्या दिवशी तिनं वस्तू नेऊन ठेवणंही थांबवलं आणि गादीवर कुशीला पडून राहिली.

"तुम्हीच लाडावून ठेवलंय," सासूबाई म्हणाल्या. "द्या दोन दिवस सोडून. पोटात कावळे ओरडायला लागले की मुकाट खाईल."

"आई, तिचे कावळे ओरडत नाहीत," ती म्हणाली. "तिला भूक लागलेली कळतच नाही. मागच्या वर्षी उपाशी ठेवून पाहिलं ना आपण?"

"मग मशीनच्या भरवशावर वाढवणार का पोर?"

"मशीन काय, दगडाच्या भरवशावर वाढत असली तरी वाढवीन!"

ती इतक्या मोठ्यानं सासूबाईंशी कधी बोलली नव्हती. थोड्या वेळानं सासूबाईच उठल्या आणि मुंगीच्या पायांना तेल चोळत बसल्या.

शुक्रवारी आईचा धीर सुटला. तिनं मुंगीला मांडीवर घट्ट धरलं आणि फोड तिच्या ओठांवर दाबली. "खा ना गं. एक. माझ्यासाठी एक खा. मी पाया पडते तुझ्या." मुंगीनं दात आवळले. ती रडली नाही, नुसती ताठ झाली, आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताचा एक ठिपका आला. फोडीची कडा लागली होती. आईनं हात मागे घेतला. मग स्वतःचाच हात दुसऱ्या हातात धरून ती भिंतीला टेकून बसली. बाबानं मुंगीला उचललं. तो तिला घेऊन बाहेरच्या खोलीत निघून गेला.

शनिवारी मुंगीला घरी ठेवायची कुणाचीच हिंमत होईना, म्हणून तिला खांद्यावर टाकूनच ती दुकानात गेली. पोर चिंधीसारखी लोंबत होती.

"नाही जमलं, ताई," दुरुस्तीवाला म्हणाला. "तीन कॉइल लावून पाहिल्या, एकही बसत नाही. मशीन घेऊन जा, नाहीतर भंगारात देतो. हे बघा, बाकी सगळं कसं मस्त चालतंय." आणि त्यानं वायर जोडून टायमर फिरवला.

टिकटिक सुरू झाली. पंखा घुमला. नारिंगी दिवा लागला.

खांद्यावरची मान वर उठली. मुंगी अंग सैल सोडून घसरली, खाली उतरली, आणि त्या स्क्रू-वायरींच्या पसाऱ्यात काउंटरच्या पायाशी मांडी घालून बसली. दुरुस्तीवाला हसला. "हिला आवडतं वाटतं!" आई हसली नाही. तिनं त्याला हातानं गप्प राहायला सांगितलं.

टिंग वाजली.

मुंगीनं हात पुढे केला. तळहात वर, बोटं पसरलेली.

त्या हातावर ठेवायला आईकडे काहीही नव्हतं. तिनं पर्स चाचपली, खिसे चाचपले, आपण काय शोधतोय हे तिला कळत नव्हतं. मुंगीचा हात तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला. आई तिच्यासमोर त्या मळक्या फरशीवर बसली. रंग नव्हे, चव नव्हे, कुरकुरीतपणाही नव्हे. इतके दिवस आपण फोडीच तपासत बसलो, आणि मुंगीला जे ओळखीचं होतं ते फोडीत नव्हतंच.

ती उठली. "हे असंच हवंय मला," ती दुरुस्तीवाल्याला म्हणाली. "पंखा, दिवा, घंटी चालू. कॉइलकडे जाणाऱ्या वायरी सोडवून नीट बंद करा, कुठे शॉक बसायला नको. पण ते तापता कामा नये."

"म्हणजे बिघडलेलं मशीन मी पक्कं बिघडवून देऊ?"

"हो."

"ताई, वीस वर्षं दुकान चालवतोय. असं गिऱ्हाईक नाही पाहिलं." पण मुंगीकडे बघून त्यानं वायरींची टोकं दोनदा गुंडाळली.

घरी आल्यावर तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. नव्या मशीनमध्ये फोडी भाजल्या, जुन्याच्या जाळीवर ओतल्या, खण सरकवला, टायमर थोडासाच फिरवला आणि दार उघडलं. "मुंगी!"

मुंगी बाबाचा हात धरून आली. मशीन जागेवर पाहून तिनं हात सोडला. ती नेहमीच्या जागी, फरशीवर बसली; जुनं मशीन बाबानं केलेल्या, तिच्या उंचीच्या बुटक्या स्टुलावर असायचं. पंखा घुमत होता. दिवा लागला होता. तिनं हात लांब करून तळहात मशीनच्या अंगाला लावला.

आणि काढून घेतला.

मशीन गार होतं. टिंग वाजायच्या आधीच मुंगी उठून खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

"झालं," बाबा म्हणाला. "आता बॅग भरूया. सोमवारी जावंच लागणार."

"थांब."

"अगं, किती फसवशील तिला?"

"ती खाईपर्यंत," ती म्हणाली. तिचं डोकं चालू होतं. आत उष्णता हवी. कॉइल नाही, तर बाहेरून नेलेली हवी, आणि ती टिकली पाहिजे. पाण्याची पिशवी खणात मावणार नाही, आणि फुटली तर सगळंच संपलं. जड हवं, कोरडं हवं, हळूहळू निवणारं हवं. तिची नजर मसाला कुटायच्या दगडी खलावर गेली. खल मोठा होता. बत्ता मात्र ठेंगणा, गोल, मुठीएवढा.

बत्ता तिनं नव्या मशीनमध्ये ठेवला आणि सगळ्यात वरच्या तापमानावर चढवला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दगड भाजतेयस?"

"हो, आई."

सासूबाईंनी कपाटातून जाड फडकं काढून तिच्या हातात दिलं. "हात भाजशील."

तापलेला बत्ता तिनं जुन्या खणात जाळीखाली ठेवला, वर फोडी रचल्या आणि खण बंद केला. पंखा लावला. गरम हवा मशीनच्या पोटात फिरू लागली. तिनं स्वतःचा तळहात त्याच्या अंगाला लावून पाहिलं. हळूहळू, अगदी हळूहळू, तिथे ऊब आली. सासूबाईंनीही शेजारी हात लावला.

ह्या वेळी तिनं हाक मारली नाही. टिकटिक ऐकून मुंगी स्वतःच भिंतीला धरत धरत आली. स्टुलापुढे बसली. तळहात लावला.

हात तिथेच राहिला.

बाबा दाराच्या चौकटीत होता. टायमर टिकटिकत राहिला, आणि आईला वाटलं, ही टिकटिक आता मला कायमची ऐकू येत राहणार. टिंग वाजली. मुंगीनं हात पुढे केला. आईनं खण उघडून एक फोड तिच्या तळहातावर ठेवली.

मुंगीनं ती हुंगली. ओठाच्या कोपऱ्यात काल लागलं होतं, म्हणून दुसऱ्या बाजूनं चावली. मग पुन्हा हात पुढे केला.

सोमवारी काट्यावर मुंगीचं वजन वाढलं नव्हतं. काठाच्या खालीही गेलं नव्हतं. डॉक्टरीणबाई आकडा लिहून घेत म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी आणा." रस्त्यावर आल्यावर आई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली.

संध्याकाळी नव्या मशीनमध्ये दगड तापत होता तेव्हा फोन वाजला.

"वहिनी, सेल परत लागलाय! आता तरी सांग. घ्यावा का?"

"तुझी मुलं जेवतात ना?"

"जेवतात? ताट चाटून पुसून ठेवतात मेली."

"मग नको घेऊस."

"वा! आणि तू मात्र घेतलास."

"माझ्याकडे दोन आहेत," ती म्हणाली.

नणंद खो खो हसली. दोन कशाला लागतात, असं ती विचारत होती, पण मुंगीच्या आईनं फोन खांद्यानं कानाशी धरून जुन्या मशीनचं बटण फिरवलं होतं. बटण अर्ध्यात अडलं. काल असं अडलं नव्हतं. मग तिनं ते थोडं मागे घेतलं, पुन्हा अलगद पुढे नेलं, आणि टिकटिक सुरू झाली.