फ्यूजच्या जागी बोल्ट

माझ्या रॉनीला एक वाईट खोड आहे. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा झाला, आरागिरणीत मुकादम आहे, पण कुणी नुसतं "हे जमणार नाही" म्हटलं की याच्या अंगात येतं. जमणार नाही म्हणणाऱ्याला काही दिसलं असेल, म्हणून तो म्हणत असेल, हे याच्या डोक्यात शिरतच नाही. लहानपणी तलावावरचा बर्फ पातळ आहे म्हटलं की हा आधी त्यावर नाचून बघायचा. दोनदा मी बाहेर ओढला. तिसऱ्यांदा त्याच्या बापाने ओढला आणि चांगला सडकून काढला. आता बाप राहिला नाही, आणि एवढ्या थोराड माणसाला सडकायला माझे हात पुरत नाहीत. म्हणून तोंड वापरते.

तर तुवाच्या गाडीबद्दल. तुवा म्हणजे रॉनीची एकुलती एक मुलगी, सोळाची. आमच्या उत्तरेकडच्या थंड देशात पोरं पंधरा पूर्ण झाली की जुनी गाडी घेतात, मागची बाकं उखडून टाकतात आणि ताशी तीस किलोमीटरच्या वर पळणार नाही अशी करून घेतात. कायद्याने मग ती गाडी नाही, ट्रॅक्टर. मागे त्रिकोणी पाटी लावायची आणि गावातून गोगलगायीसारखं फिरायचं. वेगाची हौस भागत नाही, ती मग आवाजावर भागवतात. तुवाच्या जुन्या व्होल्वोत सीटच्या मागे माझ्या फ्रीजरएवढी लाकडी पेटी आहे, आणि पेटीत दोन वूफर, म्हणजे नुसता धडधडाट करणारे स्पीकर, एकेक माझ्या सगळ्यात मोठ्या पातेल्याएवढा.

मार्चमध्ये तिने ते अंगणात पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मी स्वयंपाकघरात कॉफी ओतत होते. कानाला काही ऐकू यायच्या आधी कपातली कॉफी थरथरली. मग फळीवरच्या बश्या, मग माझे दात. मी बाहेर धावले. वाटलं, डोंगरच सरकला.

"बंद कर ते! घर पडेल माझं!"

"आजी, घर ऐंशी वर्षं उभं आहे," पोरगी म्हणाली. "माझ्यासाठी नाही पडायचं."

मी सातच इयत्ता शिकले, पण आकडे वाचता येतात. वूफरच्या खोक्यावर हजार वॅट लिहिलेलं. आणि ज्या यंत्रातून त्याला वीज जाते त्यावर दोन हजार. मी म्हटलं, "अगं, ज्याला हजार झेपतात त्याच्यावर दोन हजार लादतेस? जळून मरशील."

तुवाने हसून सोडून दिलं नाही, तिच्या बापाने दिलं असतं. तिने मला पायरीवर बसवलं. "आजी, बाष्पस्नानात नव्वद डिग्रीत तू किती वेळ बसतेस?"

"दहा मिनिटं."

"रात्रभर बसशील?"

"मला मारायचंय का तुला?"

"तेच. खोक्यावर लिहिलंय ते तासन् तास झेपतं तेवढं. त्याहून जास्त द्यायचं तर थोडा वेळच द्यायचं, मग थंड होऊ द्यायचं. आणि आवाज फाटू द्यायचा नाही. यंत्राची ताकद संपली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज आतली तार भाजून काढतो. म्हणून यंत्र मोठं घेतलंय, म्हणजे त्याला धाप लागणार नाही. आणि मी रोज नाकाने बघते. गरम गोंदासारखा वास आला की बंद. विचारायचं नाही, लगेच बंद."

मग बॉनेट उघडून बॅटरीपासून वीतभर अंतरावरची एक डबी दाखवली. आत फ्यूज. तिथून अंगठ्याएवढी जाड लाल तार गाडीच्या पोटातून, गालिच्याखालून मागे जाते. "वूफर जळला तर जळला," ती म्हणाली. "नवा घेता येतो. पण ही तार कुठे घासून पत्र्याला लागली तर सगळी बॅटरी हिच्यातून धावेल आणि हिचा निखारा होईल. त्या वेळी हा फ्यूज आधी तुटतो. हा आहे म्हणून मी आत बसते."

मला सगळं कळलं नाही. पण पोरगी भीती ओळखून आहे, एवढं कळलं. माझी भीती काही गेली नाही, पण रात्री झोप लागायला लागली.

जूनच्या तिसऱ्या शनिवारी आइस हॉकीच्या मैदानामागे, खडीच्या पटांगणावर, दरवर्षी आवाजाची स्पर्धा असते. दुपारची वेळ, सॉसेज भाजल्याचा धूर, आणि तीस-चाळीस असले ट्रॅक्टर. गाडीची दारं-खिडक्या लावायच्या, गाडीवाल्याने आत बसायचं, काचेला आतून आवाज मोजायचा मापक चिकटवायचा आणि तीन सेकंद जेवढं जमेल तेवढं वाजवायचं. तीनदा. तेवढ्यात काच आणि दारं बाहेर फुगतात आणि आवाज निसटतो, म्हणून गाडीवाल्याच्या घरचे सगळे बाहेरून हात टेकून काच आणि दारं दाबून धरतात. आया, बाप, मावश्या, कुणी टपावर आडवं. कानांवर आरागिरणीत घालतात तसली जाड कानझाकणी. बघणाऱ्याला वाटेल, गाडी पळून जाईल म्हणून सगळं खानदान तिला चिकटलंय.

मी ड्रायव्हरच्या दाराला होते. दरवर्षी कुणाचं पोर जिंकलं ते सांगून लोक मला पिडतात, म्हणून या वर्षी आमची जिंकावी असं मलाही वाटत होतं. ते मी नाकारत नाही.

आमचा नंबर यायच्या आधी तुवाने एक चाचणी घेतली. धप्प, आणि सगळं बंद. फ्यूज तुटला.

तुवा बॉनेटखाली वाकली आणि सरळ झाली. "संपलं. आज नाही."

"म्हणजे काय, आज नाही?" रॉनी म्हणाला.

"बाबा, फ्यूज उगाच तुटत नाही. कुठेतरी काहीतरी लागतंय. तार शोधायला सगळा गालिचा काढावा लागेल. आणि दुसरा फ्यूज नाहीये."

"दुकान?"

"दोनला बंद झालं."

"सहा महिने खपलीस, आणि एका काचेच्या तुकड्यासाठी घरी जायचं? लोक हसतील."

"हसू देत," ती म्हणाली, आणि नाव मागे घ्यायला सीवर्टकडे निघाली. सीवर्ट पंच. साठीचा, आमच्याच गल्लीतला.

ती पाठमोरी झाली तसा रॉनी आपल्या गाडीकडे गेला, हत्यारांच्या पेटीत खुडबुड केली आणि परत येऊन डबीत काहीतरी बसवलं. मी शेजारीच उभी होते. चकचकीत, बोटाएवढं लोखंडी. मघाच्या फ्यूजसारखं मुळीच नव्हतं.

"हे काय बसवलंस?"

"फ्यूज, आई."

"असा?"

"वेगळ्या कंपनीचा. तुला यातलं काय कळतं? तू दार धर."

इथे मी चुकले. सगळं आयुष्य याला "तुला काय कळतं" म्हणत आले, आणि त्या दिवशी त्याने मला म्हटलं तर माझी वाचा बसली. चार बायका ऐकत होत्या. विचारलं असतं तर अडाणी ठरले असते. मी तोंड फिरवलं.

तुवा अजून सीवर्टसमोरच्या रांगेतच होती, तेवढ्यात रॉनीने हाक मारली, "तुवा! मिळाला फ्यूज! पलीकडच्या हान्सच्या पोराकडे होता!"

ती धावत आली. "तीनशे अँपिअरचाच?"

"तीनशेचाच. पळ, आपला नंबर आलाय."

ती बॉनेटकडे वळली. त्याने बॉनेट आदळून लावलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं. "आजी, तू पाहिलास ना बसवताना?"

"पाहिला," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. पाहिला होता. पण तिने काय विचारलं ते मला ठाऊक होतं आणि मी कशाचं उत्तर दिलं तेही ठाऊक होतं. पोरगी आत बसली, कानझाकणी चढवली, दार ओढून घेतलं.

मग रॉनीने आणखी एक शहाणपणा केला. या वर्षी माणसं कमी होती, म्हणून त्याने आरागिरणीतून फळ्यांचे गठ्ठे आवळायचा रुंद पट्टा आणला होता. तो टपावरून, दोन्ही दारांवरून आणि पोटाखालून फिरवला आणि पलीकडच्या बाजूला त्याचा दातेरी खटका मारमारून आवळला. दारं पत्र्यात रुतली. "आता बघू कशी फुगतात," म्हणाला.

मी तळवे टेकवले आणि डोळे मिटले. मला भीती वाटत होती. कशाची ते धड सांगता येत नव्हतं. तो चकचकीत तुकडा मिटल्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

पहिला दणका. हातातून खांद्यात, खांद्यातून पोटात. थांबला. 

दुसरा. या वेळी वाटलं, गुडघ्यांतलं पाणी हललं. मध्येच तुटल्यासारखा थांबला.

मग तिसरा. पण हा वेगळा होता. सलग नव्हता. धप. धप धप. धप. माझ्या डाव्या तळव्याखाली, एकाच जागी. कानझाकणीमुळे ऐकू काहीच येत नव्हतं. मी आणखी जोर लावला, कारण दार बाहेर येत होतं, आणि दार बाहेर येऊ द्यायचं नाही एवढंच मला सांगितलं होतं.

धप धप धप धप.

माझ्या पोटात काही हलत नव्हतं. ते लक्षात आलं तेव्हा मी डोळे उघडले. दणका असता तर पोट हललं असतं.

काचेच्या आत धूर होता. पांढरा नाही, पिवळट, सायीसारखा दाट. आणि धुरातून तुवाचा तळहात माझ्या तळहाताला काचेपलीकडून लागलेला. ती हात आपटत होती आणि मी दार दाबून धरलं होतं.

मी किंचाळले. किंचाळले असेन; कानझाकणी होती, माझं मलाच ऐकू आलं नाही. हँडल ओढलं. दार हललं नाही. पट्टा. आत ती खिडकीचं बटण दाबत होती, पण बॅटरीचा सगळा जीव त्या तारेने ओढून घेतला होता. काच खाली येईना. तिच्या पायांशी, गालिच्याखाली, निखाऱ्यासारखी एक लाल रेघ दिसत होती.

"पट्टा सोड! रॉनी! पट्टा!"

रॉनी पलीकडे खटक्याला लटकला होता. तीस वर्षं रोज तो खटका उघडणारा माणूस. भीतीने त्याचे हात उलटे चालत होते. तो पट्टा सोडवत नव्हता, आवळत होता. खट, खट, खट. प्रत्येक खटक्याला माझ्या बाजूचं दार आणखी आत.

सीवर्ट माझ्या मागे येऊन पोचला होता. आमच्याकडच्या पुरुषांच्या कमरेला चाकू असतो. तो काय बोलत होता ते मी ऐकलं नाही. मी त्याच्या म्यानातला चाकू ओढला आणि दारावरच्या पट्ट्यावर चालवला. ताणलेला पट्टा होता. अर्धाच कापला आणि उरलेला आपणहून फाटून सापासारखा टपावर उडाला. दार उघडलं. धुराबरोबर पोरगी माझ्या अंगावर पडली आणि आम्ही दोघी खडीवर.

ती खोकत होती. खोकते आहे म्हणजे श्वास आहे, असं मी मनात म्हणत राहिले. तिच्या बुटाचा तळ वितळून खरखरीत झाला होता. पाय शाबूत होता. सीवर्टने जाड हातमोजे चढवून बॅटरीची तार उपटली, कुणीतरी आगीवरचा फवारा आणला. ज्वाळा आल्याच नाहीत. आणखी एक मिनिट गेलं असतं तर आल्या असत्या, असं सीवर्ट म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं त्याला.

तुवाने कानझाकणी काढली. माझ्याकडे बघून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आजी, तू पाहिला होतास ना?"

मी तिच्या गालावरची काजळी पुसायला हात नेला. 

ती उठली, लंगडत बॉनेटपाशी गेली, डबी उघडली. तो चकचकीत तुकडा आता काळा-निळा झाला होता. तिने तो बघितला, हात लावला नाही. "बोल्ट आहे," एवढंच म्हणाली. ती रडली नाही, बापाकडे बघितलंही नाही. सीवर्टच्या बायकोने तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि पाणी दिलं.

 रॉनी गाडीच्या मागे गेला, पेटीत डोकावला, वूफरच्या पडद्याला बोट लावून बघितलं. आणि माणसाला काही बोलायचं सुचत नाही तेव्हा तो जे बोलतो ते बोलला: "वूफर शाबूत आहेत. चला, नशीब. वूफरला काही झालं नाही."

मी चाकू अजून धरून होते. तो सीवर्टच्या हातात दिला, आधी दिला, कारण मला माझाच भरवसा नव्हता. मग चालत रॉनीपर्यंत गेले. 

"रॉनी, इकडे बघ. वूफरकडे नाही, माझ्याकडे. मी 'पाहिला' म्हणाले ते माझ्या माथी, आणि ते मी तिच्यापाशी फेडीन. आता तुझं ऐक. तुझ्या घरात शहाणं माणूस एकच आहे. ती 'आज नाही' म्हणाली, आणि तू तिला पट्ट्याने आत बांधलंस. यापुढे त्या गाडीच्या बॉनेटला तुझा हात लागायचा नाही. तुवा म्हणेल तो दिवा तू धरायचास, म्हणेल तो पाना द्यायचास, आणि ती नाही म्हणाली की तोंड मिटून घरी जायचंस."