शालनमावशी काजूच्या बागेत

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत भर दुपारी मिरचीची झणझण हवेत तरंगत असे, आणि त्या तांबूस धुरळ्याच्या आड, एका दुकानाच्या मागच्या खोलीत, पितळी परातीवरून काजू ओघळल्याचा मऊ, संथ नाद चाललेला असे. तो नाद शालनमावशीच्या बोटांचा. उंच खिडकीतून प्रकाशाचा एकच पट्टा परातीवर उतरे आणि त्यात तिची बोटं दाणे टिपणाऱ्या पाखरांसारखी फिरत. अख्खा काजू उजवीकडे, पाकळी डावीकडे, तुकडा पुढ्यात. डोळे बहुधा समोरच्या भिंतीवर. निवड बोटंच करत.

परळच्या चाळीत ती आमची शेजारीण. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा ती घराबाहेर पडली आणि तीस वर्षं त्या खोलीत बसून तिनं दोन मुली शिकवल्या. काम सुटलं त्या फाल्गुनात मी सहज म्हटलं, "मावशी, वेंगुर्ल्याकडे माझ्या मामेभावाची काजूची बाग आहे. येतेस?"

"काजूचं झाड मी कधी बघितलंच नाही गं," ती म्हणाली. "आमचं शेत नव्हतंच गावाला. कुणाच्या बागेत जाणार?"

आम्ही पोचलो तेव्हा कोकणातलं ऊन नुकतं पिकू लागलं होतं. तांबड्या कातळाच्या उतारावर झाडं जमिनीशी लगट करून पसरली होती. जाड, चिवट पानांतून पिवळी-लाल बोंडं लोंबत होती आणि त्यांचा आंबूस-गोड दर्प वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर अंगाला बिलगत होता. मावशीनं एक फांदी हळूच खाली ओढली. बोंडाच्या टोकाला, बाहेरच्या बाहेर, राखाडी बी चिकटलेली.

"अगं बाई, बी बाहेरच!" ती मोठ्यानं हसली. "मला वाटायचं फळाच्या पोटात असेल." एवढ्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाचं माहेर पहिल्यांदाच पाहावं, तसं काहीसं तिच्या चेहऱ्यावर उजळलं होतं.

घरी मात्र वातावरण जड होतं. मामेभाऊ प्रकाश आणि त्याची बायको वैजयंती यांची बाग लहान, दोघांनीच राबून जपलेली. आदल्या वर्षी वैजयंतीनं अंगणात शेड घालून बिया घरीच फोडल्या होत्या, गर स्वतः विकायला पाठवला होता, आणि व्यापाऱ्यानं तो सगळा परत धाडला होता. पत्र्याचे दोन डबे पडवीत तसेच उभे होते. "यंदा बिया सरळ दलालाला देतो," प्रकाश म्हणाला, "शेड मोडून टाकू." वैजयंतीची बोटं पदराच्या टोकाशी चाळवत राहिली. काजूच्या चिकानं काळवंडलेली, सोललेली बोटं.

इतक्यात प्रकाशची आई, माझी मामी, ओटीवर आली. मावशीकडे निरखून पाहत तिनं विचारलं, "आडनाव काय गे तुमचा?"

त्या घरातल्या चालीरीती मला ठाऊक होत्या. येण्यापूर्वी मी काहीच कळवलं नव्हतं, आणि ते न कळवणं हा निव्वळ माझा भित्रेपणा होता. मी मान खाली घातली. मावशीनं घातली नाही.

"कांबळे," ती म्हणाली. "बौद्ध आम्ही. परळला असतो."

त्या स्वरात आव्हान नव्हतं आणि आर्जवही नव्हतं. अंगणात ऊन पडलं होतं तितक्याच सहजपणे ते शब्द पडले. मामी तशीच आत गेली. मावशी मात्र केव्हाच उठून डब्यापाशी पोचली होती. झाकण काढून तिनं हात खोल घातला, डोळे मिटले.

"माल चांगलाय," ती वैजयंतीला म्हणाली. "मिसळलाय फक्त. अख्ख्यात पाकळी, पांढऱ्यात करपलेला. असा परतच येणार. परात आण आणि बस माझ्यासमोर."

त्या दोघी सूर्य माडांआड जाईपर्यंत बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. परातीचा तो संथ नाद आता पानांच्या सळसळीत आणि कोतवाल पक्ष्याच्या शिळेत मिसळून जात होता. मामी दोनदा दारापर्यंत येऊन परतली. तिसऱ्यांदा मात्र ती पायरी उतरली, गुडघ्यावर हात टेकत मावशीच्या बाजूला बसली आणि ढिगातला एक गर उचलून म्हणाली, "गे बाय, ह्यो खंय घालू?"

मावशीनं गराकडे पाहिलंही नाही. तिनं मामीचं बोट आपल्या हातात धरलं आणि गराच्या कडेवरून अलगद फिरवलं. "एक बाजू सपाट लागते का, वहिनी?"

"लागता."

"मग पाकळीत."

मामीनं बोट काढून घेतलं नाही. वैजयंतीनं माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी घाईघाईनं परातीवर वाकलो.

तो माल मावशी जिथं काम करायची त्या लालबागच्या दुकानात गेला आणि परत आला नाही. शेड उभी राहिली. पुढच्या वर्षी शेजारच्या दोन बागांतल्या बायाही गर घेऊन येऊ लागल्या. मावशी ओळीनं चार हंगाम गेली. शेवटी शेवटी तर मला विचारत नसे, मामीचा फोन आला की पिशवी भरू लागे.

या थंडीत ती गेली. आजार थोड्या दिवसांचा, जाणं निवांत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी चाळीच्या लांब व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या होत्या, आणि प्रकाशचा हात धरून मामी जिना चढून आली. इतक्या वर्षांत ती मुंबईला आली नव्हती. बुद्धवंदनेचे शब्द तिला येत नव्हते. परळच्या बायकांमध्ये मांडीला मांडी लावून, हात जोडून ती शेवटपर्यंत बसली, आणि मेणबत्तीच्या उजेडात तिचे ओठ अधूनमधून नुसतेच हलत होते.

एखाद्या माणसाचं नसणं ज्यांना ज्यांना सारखंच सलतं ती सगळी नकळत एका घरची होऊन जातात; काळ त्यांना जोडताना कुणाचीही परवानगी घेत नाही, आणि आठवण, एकदा त्या घराचा उंबरा ओलांडून आत आली की, पाहुण्यासारखी परतायची घाई करत नाही.