माझ्या पोटातली जाळी

मी बोलतेय, सेलूच्या अश्वजितची पांढरी पिकअप. पांढरी म्हणजे कागदावर. माझा मागचा फाळका पाहाल तर तव्याच्या बुडासारखा काळा आहे, आणि तो कशाने काळा झाला हे सांगायलाच आज तोंड उघडलंय. सांगताना लाज वाटते. पण गप्प बसूनही ती कमी होत नाही, हे आता कळून चुकलंय.

माझी पहिली सहा-सात वर्षं समुद्रपूरला अण्णाजींकडे गेली. कापूस बाजारात न्यायचा, येताना गुरांसाठी सरकीची ढेप आणायची. अण्णाजी भारी शिस्तीचे. घरच्यांचे वाढदिवस विसरतील, पण माझं ऑइल बदलायची तारीख विसरणार नाहीत. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि त्यांनी मला अश्वजितला विकलं. चावी देताना एवढंच म्हणाले, "समोरचा पिवळा दिवा लागला का समजजो, गाडी काईतरी म्हणून राह्यली. आयकून घेजो."

तो दिवा म्हणजे माझी जीभ. नाहीतर मला बोलता येतं कुठे?

अश्वजित वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. तो आणि त्याची आई सुलोचनाबाई, दोघांचंच घर. नवऱ्याच्या माघारी लोकांच्या शेतात कापूस वेचून त्या माउलीने पोराला मोठं केलं. संत्री, सिमेंट, लग्नाच्या मांडवाचं सामान, मिळेल ते तो माझ्या पाठीवर घालायचा. दोन वर्षं आमचं छान जमलं. मग माझं वय बोलू लागलं. नळ्यांत काजळी साठली, चढावर धाप लागायला लागली आणि एक दिवस दिवा पेटला. अश्वजितने तो आठवडाभर पाहिला आणि मग त्यावर चिकटपट्टी लावली. माणसांचं असंच असतं, दुखणं दिसेनासं झालं की त्यांना बरं वाटतं.

पण चिकटपट्टीने चढ चढता येत नाही. तेव्हा तो मला वर्ध्याच्या ताराचंद मिस्त्रीकडे घेऊन गेला.

"साफसफाई करून नवी जाळी टाकाची तं चार दिवस गाडी उभी राहीन," ताराचंद म्हणाला. "नाई तं सारी कटकटच काढून टाकतो. दोन घंट्याचं काम. घोड्यावानी धावन."

"अन् दिवा?"

"दिव्याचं टेन्शन नको घेऊ भाऊ. वायरिंग अशी करून देतो का गाडीलेच वाटन, सारं ठीक हाय."

चार दिवस थांबायला अश्वजितला सवड नव्हती, संत्र्याचा हंगाम होता. ताराचंदने माझ्या सायलेन्सरचं पोट कापलं आणि आतली जाळी सळईने ठोकून ठोकून बाहेर काढली. धुरातलं विष मारायचं काम तिचं होतं. थोडा धूर पुन्हा इंजिनाकडे फिरवणारी नळी होती, तिच्या तोंडाला पत्रा लावला. मागचा सडका पाइप कापून आखूड केला, म्हणजे धूर आता मागच्या टोकापर्यंत न जाता माझ्या पोटाखालीच सुटणार आणि तिथून मागे लोटणार. शेवटी वायरींत काहीतरी जोडलं आणि दिवा विझला. तेव्हापासून मी खोटं बोलू लागले.

आणि खरं सांगू? मला ते आवडलं. मी गुरगुरत चढ चढायचे, ट्रकांना मागे टाकायचे. अश्वजित खिडकीबाहेर कोपर काढून शेजारच्याला म्हणायचा, "आवाज आयकून राह्यला का!" मी अशी फुगायचे की काही विचारू नका. मागे काळा लोट उठायचा, पण मी कधी मागे पाहिलं नाही.

आमच्या वस्तीतल्या बाया अशोक विजयादशमीला नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. टाळेबंदीची वर्षं सोडली तर सुलोचनाबाईंचं लग्नापासून एकदाही चुकलं नव्हतं. दमा जडल्यावरही हातात औषधाचा पंप घेऊन जायच्या. यंदा त्यांनी साऱ्या वस्तीत सांगून ठेवलं, "एसटी कायले? माह्या पोराची गाडी हाय ना!"

त्यांच्यासह अकरा बाया माझ्या पाठीवर बसल्या, सगळ्या पांढऱ्याशुभ्र साड्यांत. रस्त्याचं काम चालू होतं आणि धुळीला सुमार नव्हता. साड्या मळू नयेत म्हणून अश्वजितने चारी बाजूंनी ताडपत्री ओढून गच्च बांधली. आईच्याच काळजीने बांधली हो. माझा तळाचा पत्रा मात्र गंजून भोकाभोकांचा झाला होता. पोटाखाली सुटलेला धूर कुठे चढला असेल, ते वेगळं सांगायला नको.

केळझरपर्यंत आत गाणी चालली होती. टाळ्या वाजत होत्या, कुणीतरी केबिनच्या पत्र्यावर थापा मारून ठेका धरत होतं. पुढे गाणं थांबलं, थापा मात्र पडतच राहिल्या. अश्वजितला वाटलं ठेकाच आहे. तोही स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला. माझ्या त्या डरकाळीत गाणं थांबलेलं त्याला ऐकूच आलं नाही. मला कळलं होतं. पाठीवर पडणारा हात कशासाठी पडतोय, हे मला कळतं. मी जीव तोडून दिवा लावायला गेले, पण वायर म्हणत राहिली, सारं ठीक आहे.

बुटीबोरीच्या अलीकडे चहासाठी थांबल्यावर त्याने ताडपत्री सोडली. पहिली उतरलेली बाई रस्त्याच्या कडेला वाकून ओकली. पांढऱ्या साड्यांवर काळे ओघळ होते. सुलोचनाबाई कोपऱ्यात कलंडल्या होत्या, ओठ निळे पडलेले, हातातला पंप रिकामा.

जवळच्या दवाखान्याच्या दारातच डॉक्टरांनी विचारलं, "बंद जागेत धूर होता का?"

"नाई साहेब, धूळ होती," अश्वजित म्हणाला. "रस्त्याचं काम चालू हाय."

त्या वेळी मला भंगारात जावंसं वाटलं.

सुलोचनाबाई वाचल्या. चार दिवसांनी घरी आल्या. बाकीच्या बाया दीक्षाभूमी न पाहताच परतल्या होत्या. त्या भेटायला आल्या तेव्हा मी अंगणातच उभी होते. सुलोचनाबाईंनी खाटेवर उठून बसत सगळ्यांना हात जोडले.

"माह्यापायी साऱ्याईचं जाणं हुकलं वं. दमा मले, मीच याले नको होतं. माफ करजा."

अश्वजित माझ्या चाकाला टेकून उभा होता. बाया गेल्यावर तो आईच्या पायाशी जाऊन बसला.

"आई, धूळ नोती ते. गाडीचा धूर होता. म्या जाळी काढून टाकली होती."

त्याने सगळं सांगितलं, डॉक्टरांशी खोटं बोललो तेही.

"मले काऊन सांगून राह्यला?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "मी आई हावो तुही, मी तं माफच करीन. दहा घरं हायेत. जाय. अन् पायी जाय."

तो गेला. एका घरी चहा मिळाला, एका घरी शिव्या. एका म्हातारीने ऐकून घेतलं आणि दार लावलं. परत आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. दुसऱ्या दिवशी तो जाळी आणायला ताराचंदकडे गेला, तर ती केव्हाच भंगारात गेली होती. नवी येईपर्यंत मी अंगणात उभी आहे. चार दिवस नव्हते त्याच्याकडे, आता महिना झाला.

अश्वजितने दहा दारांपुढे मान खाली घातली. माझं काय? सेलू, वर्धा, समुद्रपूर, किती खेपा केल्या मी त्या काळात! थांब्यावर पदराने नाक झाकून उभ्या राहिलेल्या बायका, माझ्या मागून सायकल मारत येणारी पोरं, तान्ह्याला छातीशी धरून रस्ता ओलांडणारी एखादी आई. त्यांची घरं ना अश्वजितला माहीत, ना मला. त्यांच्यात तुम्ही असाल, तर तो धूर माझा होता.