विमानबाबांचं तिकीट

नगरच्या कोर्टाबाहेर त्या सकाळी सोनईचा अर्धा गाव लोटला होता. विमानबाबांवर खटला होता खरा, पण न्यायाधीशच बाबांच्या पाया पडणार अशी भक्तांची खात्री होती.

आदल्या वर्षी, सत्तेचाळीस साली, एका व्यापाऱ्याने बाबांना मुंबईहून दिल्लीचं विमानाचं तिकीट काढून दिलं. बाबा धुनीचे निखारे घमेल्यात घेऊन विमानतळावर हजर. विमान कंपनीने निखारे अडवले. बाबांनी बरोबर नऊच्या ठोक्याला चिमटा आपटला आणि विमान चार तास जागचं हललं नाही. मग बाबांना दया आली आणि तेही त्याच विमानात बसून गेले, निखाऱ्यांशिवाय. तिकीट काचेत मढवून मठात पुजलं जाऊ लागलं. लोक धास्तीने तिकिटं परत करू लागले, तेव्हा कंपनीने भरपाईचा दावा ठोकला.

मिशन दवाखान्यातल्या दीना नर्सला विमानाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला घोर होता बाबांची भक्तीण मनकर्णा हिच्या राहीचा. सहा वर्षांची पोर दोन महिने हिवतापाने कुडकुडत होती, आणि कोयनेलचं औषध दिलं तर विभूतीचा गुण जाईल असं बाबांनी बजावलं होतं.

"इमान आडिवलं त्यांनी," मनकर्णा म्हणायची, "तापाचं काय घिऊन बसलात, बाई?"

शेवटी दीनाने तिला शब्द दिला की बाबा कोर्टात खरे ठरले तर ती पुन्हा औषधाचं नाव काढणार नाही. खोटे ठरले तर औषध द्यायचं, हे मनकर्णानेही कबूल केलं.

न्यायाधीशांनी विचारलं, विमान तुम्ही थांबवलं का? बाबा घुटमळले. हो म्हणावं तर भरपाई, नाही म्हणावं तर मठ बुडाला. तेवढ्यात पट्टशिष्य मच्छिंद्र भक्तीच्या भरात पुढे झाला आणि साहेबांना दर्शन घडावं म्हणून त्याने ते तिकीटच टेबलावर ठेवलं.

साहेबांनी ते काचेतून काढायला लावलं. मागच्या बाजूला इंग्रजीत मजकूर होता. कारकुनाने तो मराठीत वाचला: चाक बिघडल्याने विमान नऊऐवजी एक वाजता सुटेल. प्रवाशाला आठ वाजता कळवले. खाली बाबांची मोडीतली सही.

"मला इंग्रजी येत नाही," बाबा घाईने म्हणाले.

"मग सही कशावर केलीत?"

"कंपनीच्या माणसानं समजावून सांगितलं होतं," बाबा बोलून गेले.

भरपाई टळावी म्हणून बाबांनी तिथल्या तिथे लिहून दिलं की विमान मी थांबवलं नाही. कंपनीनेही तेवढ्यावर दावा सोडला. काही भक्तांना यातही बाबांची नम्रताच दिसली.

मनकर्णा कोर्टाच्या पायरीवर पोरीला मांडीत घेऊन बसली होती, शेजारी दीना.

"बाई, त्याला आठलाच ठावं हुतं?"

"हो."

"आन माझी पोर दोन म्हयने..." दीनालाही रडू आणि संताप एकदमच आला. तिने पिशवीतून कोयनेलची गोळी काढली.

"किती वाजता द्याची?" मनकर्णाने विचारलं.

हाच साधा प्रश्न गावात कोणी वर्षभर बाबांना विचारला नव्हता. चमत्कार ऐकलात तर हात जोडायच्या आधी विचारा, किती वाजता घडला आणि आधी कोणाला ठाऊक होतं. विचारल्याने खरा देव रागावत नाही. न विचारल्याने राहीसारखं पोर मात्र तापात पडून राहतं.