एकाच पकडीतले हब

"बुश घाला वहिनी, आणि मोकळ्या व्हा. आत कोण डोकावून बघणार आहे?"

गॅरेजवाल्याने भंगारातून आणलेला चाकाचा हब तिच्या टेबलावर ठेवला. अख्खा बाजार त्याला 'पाना' म्हणत असे. खिशात पाना नाही असा तो कुणी पाहिलाच नव्हता. तिने हब उचलला, भोकात बोट फिरवलं आणि परत ठेवला.

"बेअरिंग ढिलं बसतंय याच्यात."

"म्हणूनच तर बुश म्हणतोय. आत एक कडं बसवलं की फट भरली. चार गाड्यांना असंच करून दिलंय मी."

"त्या गाड्यांत माझी सासू बसत नाही," ती म्हणाली.

पाना हसला, पण हब त्याने परत पिशवीत टाकला. वहिनींचं 'नाही' म्हणजे दगडावरची रेघ, हे त्याला ठाऊक होतं.

लग्न होऊन आली तेव्हा तिला लोखंड कातायचं लेथ आणि शिलाई मशीन यांतला फरक तेवढा कळत होता. सासऱ्यांच्या वर्कशॉपमधला भागीदार एके दिवशी काम अर्धवट टाकून गेला आणि त्या आठवड्यात धरायला, पुसायला, माप वाचायला घरातलं कुणीतरी हवं होतं. नवरा छापखान्यात नोकरीला. मग तीच उभी राहिली. आठवडा संपला तरी ती तिथेच होती. सासऱ्यांनी तिला शिकवताना कधी आवाज चढवला नाही आणि कधी शाबासकीही दिली नाही. काम बरं झालं की ते फक्त म्हणत, "पुढचा जॉब लाव." आता केस पांढरे व्हायला लागले होते तिचे, आणि पंप, शाफ्ट, पुली, जे म्हणाल ते तिच्या हातून होऊन जात होतं.

गाडी सासऱ्यांची होती. जुनी, ठेंगणी, चारी चाकांना ड्रमचे ब्रेक असलेली. ती त्यांच्याशिवाय कुणी चालवत नसे. मुलाने मागितली तर म्हणत, "तिला तुझा हात माहीत नाही."

हिवाळ्याच्या सुरुवातीला दवाखान्याच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढली जाऊन भिंतीला घासली. सासूबाईंचं मनगट मोडलं. सासऱ्यांना खरचटलंसुद्धा नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. घरी येऊन त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली.

"हात गेले माझे," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये यायचेही बंद झाले. खिडकीशी खुर्ची टाकून बसून राहत.

"विकून टाकू," नवरा म्हणाला. "रोज डोळ्यांसमोर नको."

"थांबा जरा," ती म्हणाली.

रविवारी तिने गाडी रिकाम्या मैदानात नेली आणि हळू चालवून पुन्हा पुन्हा ब्रेक मारला. दर वेळी गाडी डावीकडे जाई. तिने चाकं खोलली. ड्रम इतक्यांदा घासून पातळ झाले होते, की आता त्यांच्यावर कट घ्यायला जागाच उरली नव्हती. तिने घरी येऊन सांगितलं, "मामंजी, ब्रेक ओढतोय. तुमचे हात नव्हेत."

"माझी समजूत घालू नकोस," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

तिथे बोलून उपयोग नव्हता. तिने ठरवलं, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे. डिस्क आणि तिला चिमटणारे कॅलिपर दुसऱ्या गाडीचे मिळत होते, पण ते जुन्या हबवर बसेनात. आणि हब म्हणजे ज्याच्यावर अख्खं चाक उभं असतं आणि फिरतं, तो भाग. त्यात थातुरमातुर चालत नाही. भंगारातला हब परत गेला. तिने चांगल्या पोलादाचे दोन जाड तुकडे कापून आणले आणि पहिला लेथवर चढवला.

हबच्या आत दोन बेअरिंगं बसतात, एक पुढून, एक मागून. दोन्ही बैठका एका रेषेत हव्यात, नाहीतर चाक डुलतं. बहुतेक जण एक बाजू करतात, जॉब उलटा करून दुसरी करतात. सासऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं. "एकदा सुटलेला जॉब पुन्हा तसाच धरला जात नाही." म्हणून ती दोन्ही बैठका जॉब न सोडवता, एकाच पकडीत करणार होती. त्यासाठी तिने एक लांब, उलट्या तोंडाचं टूल घासून घेतलं. ते भोकातून आरपार घालून मागची बाजू कापायची. ती बाजू दिसत नाही. कानानं काम करावं लागतं.

पहिला हब उत्तम उतरला. पाना मुद्दाम बघायला आला आणि हात पाठीमागे बांधून भोवती फिरला, जणू मुलगी बघायला आलाय.

दुसरा जवळजवळ पुरा होत आला होता. शेवटचा बारीक कट घेतल्यावर तिने फडक्याने पुसलं, तर चाक ज्या चकतीवर आवळतात तिच्या मुळाशी केसासारखी एक रेघ. तिने परत पुसलं. रेघ गेली नाही.

"पॉलिश मारा, दिसणार नाही," शेजारी उभा असलेला पाना हळूच म्हणाला. मग स्वतःच मान हलवून म्हणाला, "नाही, तुम्ही मारणार नाही."

तिने लेथ बंद केलं. दोन दिवसांची मेहनत तिच्या हातात अजून कोमट होती. तिने तो हब फडक्यात गुंडाळला आणि घरी नेऊन खिडकीशी बसलेल्या सासऱ्यांच्या मांडीवर ठेवला.

"मामंजी, बघा जरा."

त्यांनी कितीतरी दिवसांत लोखंडाला हात लावला नव्हता. त्यांनी हब उजेडाकडे फिरवला, मग डोळे मिटून अंगठ्याचं नख हळूहळू चकतीच्या मुळावरून ओढलं. एका जागी नख थांबलं.

"इथं."

"हो."

"तड मालातच होती. तुझी चूक नाही." मग त्यांनी विचारलं, "मग काय करणार?"

"टाकला. दुसरा करते."

त्यांनी आतल्या बैठकांवरून बोट फिरवलं, पुढच्या आणि मग मागच्या. "उलटा करून केलास?"

"एकाच पकडीत."

सासऱ्यांनी पुन्हा एकदा मागच्या बैठकीवरून बोट फिरवलं. मग हब खाली ठेवून म्हणाले, "माझे बूट कुठं आहेत?"

स्वयंपाकघरातून सासूबाई प्लास्टरचा हात सावरत बाहेर आल्या. "पलंगाखाली. धूळ खातायत," त्या म्हणाल्या आणि पुसायला फडकं पुढे केलं.

वर्कशॉपमध्ये ते स्टुलावर बसले, दोन्ही हात खिशात घालून. तिने नवा तुकडा चढवला. ते काही सांगत नव्हते. फक्त मागची बैठक कापताना एकदा म्हणाले, "आवाज बदलला." तिलाही तो त्याच क्षणी जाणवला होता; हात आधीच टूल मागे घेत होता. टोक बोथट झालं होतं. तिने ते घासून पुन्हा लावलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही.

काम झाल्यावर तिने बैठक किती डुलते ते दाखवणारा डायल लावला आणि जॉब धरणारा चक हाताने फिरवला. काटा जागचा हलला नाही. सासरे वाकून बघत राहिले. पूर्ण फेरा झाला, तरी बघत राहिले.

ती 'पुढचा जॉब लाव' ऐकायची वाट बघत होती. ते उठले, खिळ्यावरचं फडकं घेतलं आणि लेथवरचा लोखंडाचा कीस झाडायला लागले.

"राहू द्या मामंजी, मी पुसते."

"कारागिरानं काम करायचं असतं," ते म्हणाले. "पुसायला मी आहे."

तिने तोंड फिरवून मायक्रोमीटर डबीत ठेवला. डबी बंद करायला तिला जरा वेळ लागला.

हब बसले, डिस्क बसल्या. तिने आणि पानाने मैदानात, मग चढावर, मग उतारावर गाडी हवी तशी पारखली. चाकं उतरवून पुन्हा तपासली. सासूबाईंचं प्लास्टर काढायचा दिवस आला तेव्हा सासऱ्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली. नवऱ्याने बायकोकडे काळजीने पाहिलं. सासरे गाडीपाशी गेले, दार उघडलं आणि किल्ली सुनेच्या हातात दिली.

"तिला तुझा हात माहीत झालाय," ते म्हणाले आणि गाडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला बसले. सासूबाई मागे बसल्या. आधी बसायला नको म्हणतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नुसता पदर आवरला आणि दार ओढून घेतलं.

दवाखान्याच्या उतारावर तिने ब्रेक दाबला. दाबताना स्टिअरिंगवरची बोटं अलगद सोडली, हात मात्र जवळच ठेवले. गाडी सरळ रेषेत हळू होत थांबली. भिंत बाजूला होती तशीच बाजूला राहिली.

"तेव्हा खरंच ओढत होता ब्रेक," ती म्हणाली.

"ओढत होता. पण मलाही आवरायला उशीर झाला." सासरे समोर बघत होते. "दोन्ही खरं आहे गं."

तिचा पाय अजून ब्रेकवरच होता.

"इथंच मुक्काम आहे का?" मागून सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टर निघून जाईल."

गाडी निघाली. उताराच्या खालच्या वळणावर तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. सासऱ्यांचा उजवा पाय नुसत्या पत्र्यावर दाबला गेला होता. नेमका तिच्याच बरोबर, तेवढाच. गाडी हळू झाली तसा त्यांनी तो मागे घेतला आणि दुसऱ्या पायाशेजारी नीट ठेवला.

मग त्यांनी काच खाली केली. वारा आत आला. या रस्त्याने जाताना आजवर त्यांची नजर फक्त समोर असायची; आता ते बाहेर बघू लागले, दुकानांच्या पाट्या एकेक करून वाचत.

"हे घड्याळाचं दुकान नवीन दिसतंय," ते म्हणाले.

"आपल्या लग्नाच्या आधीपासून आहे," मागून सासूबाई म्हणाल्या.